रिकाम्या खोलीचा रंग

१

भार्गवी नेमकं काय काम करते, हे आरोंद्यातल्या बायकांना कधी कळलंच नाही. "सिनेमाक रंग लावतंस म्हणजे काय गो करतंस? ब्रश घेवन बसतंस?" असं कोणी विचारलं की ती म्हणायची, "होय, ब्रश घेवन," आणि विषय मिटवायची. हातात मासळीची पिशवी घेऊन घरापुढच्या खळ्यात उभ्या असलेल्या बाईला काय समजावणार? खरं तर गोष्ट अगदी साधी आहे. कॅमेऱ्यातून चित्र येतं ते फिकं, कळकट, धुतल्या फडक्यासारखं. मग कोणीतरी बसून त्यात रंग भरतं, काढतं, कमीजास्त करतं. एकच पडवी घ्या. तिच्यात जराशी हळद मिसळा, बघणाऱ्याला आजोळ आठवतं. तीच पडवी हिरवट करा, त्याला तिथून पळावंसं वाटतं. का ते त्या बापड्याला कळतही नाही.

भार्गवीची कामाची खोली घराच्या मागच्या अंगाला होती. खिडक्यांना काळे पडदे, भिंतींना राखी रंग, कारण आजूबाजूला रंग असला की डोळा फसतो. बाहेर मे महिन्याचं ऊन नुसतं पेटलेलं, आणि ही बाई सकाळचा चहा झाला की अंधारात शिरायची ती जेवायलाच बाहेर.

तिच्या यंत्राच्या पडद्यावर, कोपऱ्यात, एक गोल खिडकी असे. चित्रातले सगळे रंग त्या गोलात ठिपक्यांनी उमटायचे. लाल एकीकडे, निळे दुसरीकडे. ज्याला रंगच नाही, म्हणजे पांढरं, काळं, राखी, ते सगळं मधोमध. आणि मधल्या ठिपक्यापासून वर डावीकडे एक तिरकी रेघ. ती माणसाची रेघ. गोरा असो, काळा असो, मुंबईचा असो की मालवणचा, माणसाचा चेहरा चित्रात आला की त्याच्या रंगाचा पट्टा त्या एकाच रेघेवर पडतो. कातडी निरनिराळी, पण खालून वाहणारं रक्त एकच ना! भार्गवीला या रेघेचं भारी कौतुक. कोणी जातपात काढली की ती म्हणायची, ये माझ्या खोलीत, दाखवते तुला.

या खेपेचा सिनेमा घरचाच होता. नवरा यज्ञेश दिग्दर्शक, शूटिंग राहत्या घरात, आणि त्यातली लहान मुलगी म्हणजे त्यांचीच शर्मिष्ठा, शमी. खाडीत बुडून गेलेल्या मुलीची आणि मागे राहिलेल्या आईची गोष्ट. शमीला शिकवायला सगळ्यात जास्त वेळ लागला तो 'आये' म्हणायला. घरी ती भार्गवीला मम्मी म्हणे, आणि सिनेमातली पोर जुन्या वळणाची. "आये गो" म्हटलं की शमी फिस्सकन हसायची आणि शॉट वाया जायचा.

पहिला अर्धा सिनेमा भार्गवीने हळदीच्या उन्हात ठेवला होता. मुलगी गेल्यावर तिने रंग काढत नेला. दुःखाचा रंग काळा असतो हे लोक उगाच म्हणतात, दुःखाला रंगच नसतो असं तिचं मत. शेवटच्या शॉटमध्ये नुसती रिकामी खोली होती. यज्ञेशला तो पटेना.

"मेलेली वाटते गं खोली," तो म्हणाला. कामाचं बोलताना तो पुस्तकी मराठीत शिरायचा. "मला तशी नको. मुलगी दिसत नाही, पण ती आहे, असं वाटलं पाहिजे."

भार्गवीने थोडा विचार केला. मग तिने शमीचा एक हसरा क्लोजअप घेतला, शेजारी रिकाम्या खोलीचा शॉट घेतला, आणि यंत्राला सांगितलं, हिच्या रंगासारखा खोलीचा रंग कर. धंद्यात हे रोज करतात, त्यात काही विशेष नाही. बटण दाबलं, आणि रिकाम्या खोलीत ऊब शिरली. आत्ताच कोणीतरी उठून गेलंय, पाट अजून गरम असेल, असं वाटायला लागलं. यज्ञेशच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने तिथल्या तिथे बायकोची पापी घेतली आणि दोघं जेवायला गेली.

२

दुसऱ्या दिवशी यज्ञेशचं मन फिरलं. दिग्दर्शकाची जात! ऊब जरा जास्त झाली म्हणाला. भार्गवीने कपाळाला हात लावला आणि शॉट होता तसा कच्चा केला. खोली पुन्हा करडी झाली. पण गोल खिडकीत माणसाच्या रेघेवर एक छोटासा पट्टा तसाच राहिला.

आता भार्गवी काही पहिल्यांदा यंत्रापुढे बसलेली बाई नव्हती. जुन्या लाकडाचा रंग कातडीच्या जवळ जातो, जांभ्या दगडाचाही जातो, हे तिला ठाऊक. तिने चित्रातलं दार झाकलं. पट्टा राहिला. उंबऱ्याखालचा जांभा झाकला, कोपऱ्यातली आंब्याची अढी झाकली. झाकत झाकत शेवटी चित्रात एक पाट उरला, पाटामागची चुन्याची भिंत उरली, आणि मधली मोकळी हवा. तिने पाटही झाकला. पट्टा रेघेवर होता. कोणीतरी तिथे बसलेलं असावं आणि चित्रात तेवढं दिसू नये, असा.

"यंत्र आहे, बिघडलं असेल," ती मोठ्याने म्हणाली. एकटीने मोठ्याने बोलण्याची तिला सवय नव्हती.

चित्रातली ती खोली म्हणजे घराची मागची खोली, कामाच्या खोलीला लागूनच. तांदळाची पिंपं, जुना पाळणा, आणि मे महिन्यात पेंढा घालून पिकायला ठेवलेली आंब्याची अढी. शूटिंगच्या दिवशी तिथे एक वादावादी झाली होती, ती भार्गवीला आता आठवली. माणूस गेलं की त्याच्या जागी दिवा लावतात, परातीत पीठ पसरतात, वर टोपली झाकतात, आणि सकाळी पिठात काय उमटलंय ते बघतात. यज्ञेशला सिनेमात ते हवं होतं, आणि खरंखुरं हवं होतं. युनिटचं जेवण करायला शेजारच्या सुशीलाकाकी होत्या. त्या परात द्यायलाच तयार होईनात.

"यज्ञेशा, ह्या बरा नाय रे," त्या म्हणाल्या. "चेडू जिता आसा तुझा. तेच्या नावान पीठ पसरतंस?"

"काकी, शमीच्या नावान नाय. सिनेमातल्या चेडवाच्या."

"ता चेडू खंय आसा मगे?"

सासरे, बाबा, शाळामास्तर म्हणून निवृत्त झालेले, देवधर्माच्या बाबतीत पक्के नास्तिक. ते आरामखुर्चीतून म्हणाले, "सुशीला, पीठ म्हणजे पीठ. उद्या तेचेच घावणे घाल आणि आमका वाढ." सगळे हसले आणि शॉट झाला. मग जेवणाची घाई, सामान बांधायची घाई, आणि टोपली झाकलेली परात मागच्या खोलीत तशीच राहिली. बऱ्याच दिवसांनी आंबे काढायला गेलेल्या भार्गवीला ती दिसली. तिने पीठ माडाच्या बुंध्याशी ओतलं आणि परात घासायला टाकली. त्या पिठात काही उमटलं होतं का, ते तिने पाहिलं नाही. पाहायचं असतं हेच तिच्या डोक्यात नव्हतं.

३

शमी तो शॉट रंगवल्यापासून मलूल झाली असं म्हणायला भार्गवीची जीभ रेटत नव्हती. उन्हाळा आहे, पोरं सुकतात. सुट्टीत दिवसभर उंडारते, धड जेवत नाही. तिने स्वतःला हजार कारणं सांगितली. पण जेवताना बाबा ताट बाजूला सारून म्हणाले, "गो भार्गवी, ह्या चेडवाक झाला तरी काय? तोंड बघ तेचा. चुनो लावल्यासारख्या दिसता," आणि तिने उचललेला घास परत ताटात ठेवला.

खळ्यात सुशीलाकाकी रातांबे फोडत बसल्या होत्या. रातांब्याचा, म्हणजे कोकमाच्या फळाचा, रस रक्तासारखा लाल, एकदा बोटांना लागला की आठवडाभर निघत नाही. दरवर्षी शमीचे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल असायचे. यंदाही ती काकींच्या शेजारी बसून टोपलीभर रातांबे फोडत होती, पायाच्या अंगठ्याला करवंटी लागली म्हणून निळ्या फुलांची पट्टी चिकटवलेली. भार्गवीने हौदाजवळ तिचे हात धुतले. नुसतं पाणी ओतलं आणि हात स्वच्छ. नखात नाही, रेषांत नाही, कुठ्ठे डाग नाही.

"काकी, हिच्या हाताक रंग कसो लागाक नाय?"

काकींनी स्वतःचे लालभडक हात पाहिले, मग पोरीचे पाहिले. "नवल आसा," त्या म्हणाल्या, आणि खाली मान घालून रातांबे फोडायला लागल्या. एरवी काकींचं तोंड बंद करायला पोलीस बोलवावे लागतात.

कणकवलीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. सगळं उत्तम निघालं. "उगाच काळजी करता तुम्ही. ताक द्या, सरबत द्या, उन्हात सोडू नका," असं सांगून त्यांनी शमीच्या गालाला हात लावला आणि मग तो हात, गार पडल्यासारखा, जरा वेळ आपल्या दुसऱ्या हातात धरून ठेवला. परत येताना गाडीत शमी आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती.

"मम्मी, माझो लाल फ्रॉक खंय?"

"अंगात काय आसा मगे तुझ्या?"

शमीने खाली पाहिलं. फ्रॉकची कड बोटात धरून डोळ्यांजवळ नेली. "हो फ्रॉक लाल नाय," ती म्हणाली. "कसलोच नाय हो."

भार्गवीने खिडकीबाहेर तोंड केलं. रडायचं नाही, पोरीसमोर रडायचं नाही, असं तिने इन्सुली गाव मागे पडेपर्यंत स्वतःला बजावलं.

घरी आल्यावर तिने चपलाही काढल्या नाहीत. अंधाऱ्या खोलीत शिरून शमीचा तो हसरा क्लोजअप उघडला. कच्चा, कॅमेऱ्यातून आला तसा, कोणी बोट न लावलेला. हे चित्र बदलूच शकत नाही. छापलेल्या फोटोतला माणूस कधी आजारी पडतो का? रेघ मोकळी होती. शमी हसत होती, आणि तिच्या चेहऱ्याचा सगळा रंग गोलाच्या मधोमध, राखी भिंतींच्या आणि चुन्याच्या जागी, एका ठिपक्यात गोळा झाला होता.

तिने रिकाम्या खोलीचा शॉट उघडला. तिथला पट्टा आता छोटा राहिला नव्हता. अगदी जवळून घेतलेल्या चेहऱ्याचा पडतो तसा तो रेघेवर भरघोस, लांबलचक पडला होता.

४

माणूस बुडायला लागला की हातपाय मारण्याआधी पाण्याची खोली मोजतो का? भार्गवीने मोजली. तिचा स्वभावच तसा. तिने कॅमेऱ्याची लांब तार यंत्राला जोडली आणि कॅमेरा घेऊन ती घरभर फिरली. यज्ञेशला यंत्रासमोर बसवलं आणि ओरडून विचारत राहिली.

"बाबा! बाबा रेघेवर आहेत?"

"आहेत गं. काय चाललंय तुझं?"

"काकी?"

"आहेत."

तिने कॅमेरा स्वतःकडे वळवला. "मी?"

"आहेस, आहेस. भार्गवी, पुरे आता."

शमी पडवीत झोपाळ्यावर बसली होती. पायाने रेटा न देता, नुसतीच. भार्गवीने तिच्यावर कॅमेरा धरला. यज्ञेश स्वतःच उठून बाहेर आला आणि दाराला धरून उभा राहिला. "तार सैल असेल," तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला असावा, कारण त्याने तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

मग त्याला पुन्हा यंत्रासमोर धाडून ती मागच्या खोलीकडे गेली. भर दुपार, दार सताड उघडं, कौलातल्या काचेतून पाटावर ऊन पडलेलं. पिकल्या आंब्यांचा वास मात्र नव्हता. अढी तर केव्हाच पिकायला हवी होती. तिने एक आंबा उचलून दाबला, तो मऊ लागला, आतून पिकला होता, पण सालीवर ना हिरवा रंग ना पिवळा. तिने तो तिथेच टाकला. कॅमेरा पाटाकडे धरला.

"यज्ञेश?"

"कोण बसलंय तिथे?" यज्ञेशने आतून विचारलं.

"कोणी नाही."

"असं कसं? चांगला चेहरा पडलाय रेघेवर. शमी गेली का तिथे?"

शमी झोपाळ्यावर होती, तिथून दिसत होती. भार्गवीच्या मागे, अढीत, पेंढा सळसळला. पोरं मोठ्यांचा डोळा चुकवून आंबे चाचपतात ना, हळूहळू, एकेक उलटवत, तसा आवाज. भार्गवी वळली तेव्हा तो थांबला. उंदीर असेल, ती म्हणाली. दरवर्षी असतात. तिने कॅमेरा छातीशी धरला आणि पाठ न फिरवता, मागे मागे चालत खोलीबाहेर आली.

५

तो शॉट पुसून टाकला. क्लोजअप पुसला. यज्ञेशने तर सगळा सिनेमाच पुसला, ज्या डिस्कवर होता ती दगडाने ठेचली. ज्या माणसाने दुसरं काही स्वप्नच पाहिलं नव्हतं त्याने! पण पुसून काय होणार? मागच्या खोलीत जे होतं ते डिस्कमध्ये थोडंच बसलं होतं?

शमी आता उठत नव्हती. बाबा तिच्या उशाशी बसून राहायचे, हातात पुस्तक उलटं धरलेलं. एकदा भार्गवीने त्यांना देवाचं नाव घेताना ऐकलं आणि तिचा उरलासुरला धीर सुटला. बाबांसारखा माणूस हात जोडायला लागला, म्हणजे आता आपल्या हातात काही राहिलं नाही.

"गोव्याक नेवया," यज्ञेश म्हणाला. "मोठ्या इस्पितळात. मी गाडी घेवन येतंय. तू तेचे कपडे भर." आणि तो तसाच अनवाणी धावत सुटला.

भार्गवी कपडे भरत होती. पिशवीत फ्रॉक टाकता टाकता तिचे हात थांबले. गोव्याचा डॉक्टर काय करणार? रक्तच तपासणार. रक्तात काही नाहीच. हे आपण केलंय. आपण यंत्राला सांगितलं, हिच्या रंगासारखा खोलीचा रंग कर, आणि ते झालं. मग उलट का होणार नाही? ज्याने दिलं त्यानेच परत घ्यायचं. खोलीत जे आहे त्याचा रंग काढून शमीला द्यायचा. काहीच्या बाही आहे हे, डोकं फिरलंय माझं, असं ती पुटपुटत होती आणि पुटपुटत असतानाच तिने शमीला उचललं. पोरीला वजनच नव्हतं.

मागच्या खोलीत तिला पाटावर बसवलं, भिंतीला टेकवून. कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर लावला.

"बाय माझे, हयसर बस. हलू नको हां. मी बाजूच्या खोलीत आसंय."

"माका थंडी वाजता, मम्मी."

"आत्ता बरा वाटतला तुका. मम्मी रंग देता तुका."

"लाल?"

"लाल," भार्गवी म्हणाली, आणि धावली.

अंधाऱ्या खोलीत पडद्यावर चित्र आलं. पाट, ऊन, आणि पाटावर राखेसारखी पोर. गोलात मधला ठिपका, आणि रेघेवर तो पट्टा, मस्त, गुबगुबीत, माजलेला. भार्गवीने पट्ट्याचा रंग धरला आणि पोरीकडे ओढायला सुरुवात केली. कुठून कुठे द्यायचं ते तिने पुन्हा पुन्हा तपासलं. उलटं झालं तर? नाही, बरोबर आहे. पट्टा हलला. रेघेवरून जरासा खाली घसरला. पाटावरच्या गालात काहीतरी फुललं.

"ये," भार्गवी दातांवर दात दाबून म्हणाली. "दे, दे माझ्या चेडवाचा माका परत."

पेंढा सळसळला, भिंतीपलीकडून स्पष्ट ऐकू आला. पडद्यावरची पोर ताठ बसली. फ्रॉकवर लाल रंग चढला, आधी कडेला, मग वर. ओठ, कानाच्या पाळ्या, बोटांची टोकं. भार्गवी रडत होती आणि बोटं चालवत होती. आणि त्याच वेळी चित्राच्या डाव्या कडेला, अढीजवळ, तिला ते दिसलं. एक छोटं पाऊल. करडं, बिनरंगाचं, गुडघाही नव्हे, नुसतं पाऊल, हळूच पेंढ्यात ओढून घेतलेलं.

हेच ते! निघालं, हरलं! भार्गवीच्या अंगात कुठून बळ आलं कोण जाणे. ती खुर्चीवरून उठली आणि भिंतीवर मूठ आपटून किंचाळली, "चल, नीघ! नीघ माझ्या घरातसून! परत तोंड दाखवू नको!"

पडद्यावर पोर उठली आणि चित्राबाहेर पळाली.

६

खळ्यात आनंदीआनंद झाला. शमी धावत आली ती थेट रातांब्यांच्या टोपलीत दोन्ही हात घालून बसली, आणि हात कोपरापर्यंत लाल. बाबांनी उलटं पुस्तक टाकून दिलं आणि तिला उचलून गरगर फिरवलं. "रंग इलो गो चेडवाक! बघ, बघ!" त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर लाल पंजे उमटले. काकी डोळे पुसत होत्या. गाडी घेऊन आलेला यज्ञेश फाटकातून आत धावला आणि लहान पोरासारखा रडला.

भार्गवी पडवीच्या पायरीवर बसून बघत होती. वाचली, माझी पोर वाचली, एवढंच तिच्या मनात येत होतं.

पोरीने बाबांच्या कडेवरून मान वळवली आणि तिच्याकडे पाहून हात केला.

"आये!" ती ओरडली. "आये गो, माका भूक लागली!"

न अडखळता. न हसता.

यज्ञेश रडतारडता हसला. "बघितलंस? सिनेमातला आठवता तेका अजून."

आठवत असेल. पोरंच ती, गंमत म्हणून म्हणाली असेल. भार्गवी उठली, पोरीजवळ गेली आणि तिने तिच्या पायाकडे पाहिलं. अंगठा नितळ होता. पट्टी नव्हती. पट्टी पडली असेल, पण खालची जखम? करवंटीने चिरलेली, अजून न भरलेली, काल रात्री हळद लावलेली? अंगठ्यावर ओरखडासुद्धा नव्हता. आणि मग ते करडं पाऊल तिच्या डोळ्यांपुढे आलं, पेंढ्यात जाणारं. त्याच्या अंगठ्याला काहीतरी चिकटलेलं होतं. फुलं होती त्याच्यावर. रंग नसलेली फुलं. थंडी वाजते म्हणून शमी पेंढ्यात शिरली असेल, तर मग पाटावर रंग चढला तो कोणाला?

ती घरात शिरली. कोणी हाक मारली तेही तिला ऐकू आलं नाही. आधी अंधाऱ्या खोलीत गेली. पडद्यावर रिकामा पाट होता. रेघ मोकळी होती. गोलाच्या मधोमध ठिपका होता. ठिपका तर असणारच. चुन्याची भिंत पांढरी आहे, ती तिथेच पडते. यंत्राला काय कळणार, त्या ठिपक्यात नुसती भिंत आहे की आणखी कोणी? रंग नाही म्हटल्यावर त्याला सगळं सारखंच.

मागच्या खोलीत ऊन पाटावरून सरकून भिंतीवर गेलं होतं. भार्गवी अढीपाशी गुडघ्यांवर बसली. पेंढ्यात हात घालून चाचपत राहिली. आंबे लागत होते, थंडगार, एकापुढे एक. खळ्यातून हसण्याचे आवाज येत होते. "आये, ये गो जेवूक!" अशी पुन्हा हाक आली.

"शमी," भार्गवी कुजबुजली. "शमी, बाय माझे, खंय आसंस?"

तिच्या हाताजवळचा पेंढा जरासा हलला.

"मम्मी," आतून अगदी बारीक आवाज आला. "तू माका नीघ म्हटलंस. मी खंय जांव?"